टेकनपूरची श्वानशाळा

ग्वाल्हेरहून झाशीच्या रस्त्याला लागावे, जौरासीच्या घाटात मारुतीरायाला बसमधूनच हात जोडावेत आणि सुमारे तीस किलोमीटरवर टेकनपूरला उतरावे, हा प्रवास आम्हा लष्करवासीयांच्या अंगवळणी पडलेला आहे. याच रस्त्याने पुढे डबरा लागते, आणि तिथून जवळच पवाया. भवभूतीच्या ‘मालतीमाधवा’तील पद्मावती नगरी ती हीच, असे विद्वान मानतात. मराठीच्या मास्तराची पावले एरवी तिकडेच वळायची. पण गेल्या हिवाळ्यात रीतसर परवानगी काढून, शाळेची पंचवीस मुले बरोबर घेऊन, मी मुद्दाम टेकनपूरलाच उतरलो. त्याला एक जुने कारण होते. ते पुढे येईलच.

टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाची अकादमी आहे आणि तिच्याच आवारात १९७० साली सुरू झालेले राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र. २०२४ साली लखनौला भरलेल्या अखिल भारतीय पोलीस स्पर्धेत ज्या ‘रिया’ने विदेशी जातींना मागे टाकले, ती याच दलाची मुधोळ जातीची कुत्री. घोरपड्यांच्या मुधोळचे नाव या आवारात ऐकून आमच्या बेळगावकर सहशिक्षकांची छाती उगीच फुगली.

मुलांची कल्पना अशी, की कुत्र्याला उपजतच नाक असते, मग त्याला शिकवायचे काय? प्रश्न चुकीचा नव्हे. माणसाच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, तर श्वानाच्या नाकात वीस-तीस कोटींपर्यंत. १९९३च्या बाँबस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ने दडवलेली स्फोटके हुडकून दिली, ती या नाकाच्याच बळावर. पण नाक निसर्गाचे असले तरी खूण देणे हे शिक्षणाचे. ठरावीक वास आला की श्वानाने स्वस्थ बसायचे, आणि बसला की त्याला लाडका चेंडू मिळायचा. त्याच्या दृष्टीने सारी गुन्हेशोधाची विद्या म्हणजे चेंडूचा खेळ! आणि सगळी गोमही इथेच आहे. बसल्यावर चेंडू मिळतो हे एकदा कळले, की वास नसतानाही बसून पाहण्याचा मोह श्वानाला होतो.

मैदानावर एका ओळीत सारखे डबे मांडलेले होते. वयस्क प्रशिक्षकांनी समजावले, की माल एकाच डब्यात ठेवला आणि तो ठेवणाऱ्या हाताचा स्पर्श इतर डब्यांना झाला नाही, तर श्वान मालाऐवजी त्या हाताचाच वास शिकतो. म्हणून रिकामे डबेही तशाच हातांनी हाताळायचे, काहींत साबण, मसाला, कुत्र्याचे खाणे ठेवायचे. जागा, मालाचे प्रमाण, ठेवणारा माणूस, सारे बदलत राहायचे. उन्हाळ्यात तर सराव पहाटेच उरकायचा, कारण जीभ बाहेर काढून धापा टाकणाऱ्या श्वानाला नीट हुंगता येत नाही. आणि अधूनमधून सगळेच डबे रिकामे ठेवायचे. त्या ओळीतून न बसता जो श्वान सरळ निघून जाईल, तो पक्का.

“पण साहेब, श्वानापेक्षा माणसाला शिकवणे अवघड,” ते म्हणाले. माल कुठे आहे हे हँडलरला ठाऊक असेल, तर त्या डब्यापाशी त्याचे पाऊल नकळत रेंगाळते, पट्टा किंचित ताणतो, श्वास थांबतो. श्वान ते वाचतो. म्हणून खऱ्या परीक्षेत माल कुठे आहे हे हँडलरला तर नाहीच, जवळ उभ्या असलेल्या कोणालाही ठाऊक असता कामा नये.

मला बर्लिनचा हान्स घोडा आठवला. तो खुरांनी टकटक करून बेरजा सांगतो, अशी त्याची ख्याती होती. १९०७ साली फुंग्स्ट या अभ्यासकाने दाखवून दिले, की घोडा गणित नव्हे, प्रश्नकर्त्याची मान वाचत होता. २०११ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी अठरा श्वान-हँडलर जोड्यांची अशीच परीक्षा घेतली. शोधायचा वास कुठेही ठेवलेला नव्हता. पण तो असू शकतो, आणि काही ठिकाणी लाल कागद ही त्याची खूण आहे, असे हँडलरांना सांगितले होते. तरीही दोनशेहून अधिक वेळा ‘सापडले’ असे कळवले गेले, आणि त्यात लाल कागदाच्या जागा ठळकपणे होत्या. वर्गात उत्तर न येणारा मुलगा फळ्याकडे न पाहता मास्तरांच्या भुवयांकडे पाहतो, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे.

आता ते जुने कारण. वीसेक वर्षांपूर्वी मी एका लहान गावी शिक्षक असताना शाळेच्या कपाटातून परीक्षाशुल्काचे पाकीट नाहीसे झाले. श्वानपथक आले. कपाटाची मूठ हुंगवून श्वानाला ओळीत उभ्या केलेल्या सर्वांसमोरून नेले, आणि तो शिपायाच्या मुलापुढे थांबला. मुलगा नववीत होता. रोज सकाळी बापाऐवजी तोच खोली झाडी, कपाट पुशी. त्याचा वास मुठीवर असणारच, हे त्या क्षणी आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. दोन महिन्यांनी पाकीट खणाच्या मागच्या फटीत सापडले. तोवर मुलाचे नाव पटावरून गेले होते.

हे सांगितल्यावर प्रशिक्षकांनी प्रथम न्यायालयाचा हवाला दिला. १९६९ साली महाराष्ट्रातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने श्वानाच्या मागकाढणीला फारसे वजन देण्याचे नाकारले होते. श्वानाची उलटतपासणी कशी घेणार? मग थोडे थांबून त्यांनी विचारले, “पथक येण्याआधी हँडलरला कोणी काही सांगितले होते का? संशय कोणावर आहे, वगैरे?”

मुले डब्यांच्या पलीकडे चेंडूमागे धावणाऱ्या श्वानाला पाहून हसत होती.

“हो,” मी म्हणालो. “मीच सांगितले होते.”

त्यांनी काही उत्तर दिले नाही. पुढची ओळ मांडायला ते उठले. आणि या खेपेला माल कुठे ठेवतात ते दिसू नये, म्हणून आम्हा सर्वांना पाठ फिरवून उभे राहायला सांगितले.