कडब्याच्या जागी बरसीम

उज्जैनच्या काळ्या रानात एके काळी ज्वारी होती आणि ज्वारीमागोमाग कडबा. 1970 नंतर सोयाबीन आलं, माळवाभर पसरलं. हाती पैसा खेळू लागला, पण गव्हाण ओस पडत गेली. माळवी गाईपुढे उरला तो गव्हाचा नि सोयाबीनचा भुसा. हार्वेस्टर फिरला की गव्हाचं उरलेलं काड तर पुष्कळदा जाळलंच जातं.

म्हणूनच दिवाळीच्या सुमाराला विहिरीजवळचा एक तुकडा गव्हाला न देता बरसीम या चारापिकासाठी राखणारा शेतकरी शहाणा म्हणावा लागतो.

बरसीम मूळचं नाईलकाठचं. तिथे ते कापसाआधी घेतात. जनावरांना चारा होतो, जमिनीला नत्र मिळतं. 1904 मध्ये ते सिंधमार्गे भारतात आलं. पुढे झाशीच्या चारा संशोधन संस्थेने ‘वरदान’ हे वाण दिलं.

बियाण्यात कासनीचं तण हमखास मिसळलेलं असतं. जाणकार दहा लिटर पाण्यात अर्धा किलो मीठ विरघळवून त्यात बी सोडतात. कासनी वर तरंगते, ती काढून टाकायची, खालचं बी साध्या पाण्याने धुवायचं. मग गुळाच्या पाण्यात कालवलेलं जिवाणू संवर्धक चोळून सावलीत सुकवायचं. ज्या रानात बरसीम कधी झालेलं नाही, तिथे हे चुकवून चालत नाही. मुळांवर गाठी धरल्या नाहीत तर पीक पिवळं पडून बसतं. हेक्टरी वीस-पंचवीस किलो बी लागतं. सोबत थोडी मोहरी टाकली की पहिली कापणी भरीव होते, कारण थंडीत बरसीम सुरुवातीला सावकाश वाढतं.

खरी परीक्षा विळ्याची. पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांनी, पुढच्या महिन्या-महिन्याने. जमिनीपासून चार बोटं बुडखा ठेवावाच लागतो, नवे फुटवे तिथूनच येतात. लोभाने खरडून कापलं की पुढची कापणी विरळ झालीच. प्रत्येक कापणीनंतर पाणी हवं, आणि बरसीमला पाणी गव्हापेक्षा कितीतरी जास्त लागतं. त्यामुळे माळव्यात सगळं रान त्याखाली घालणं चूक. दावणीला जेवढी जनावरं, तेवढाच तुकडा असावा.

कोवळं, दवाने ओलं बरसीम उपाशी जनावराला पोटभर घातलं तर पोट फुगतं, वेळेत इलाज झाला नाही तर जनावर दगावतंही. म्हणून ते भुशात मिसळून द्यायचं. तोच निःसत्त्व भुसा मग गाय आवडीने खाते.

बरसीम निघालेल्या तुकड्यात पावसाळ्यात पुन्हा सोयाबीन पेरणं म्हणजे मुळांनी साठवलेलं नत्र वाया घालवणं, कारण सोयाबीन आपलं नत्र स्वतःच मिळवतं. तिथे मका घ्यावा, किंवा चाऱ्याची ज्वारी. बरसीमचं घरचं बी हवं असेल तर मात्र मार्चमध्ये एका कोपऱ्यातली कापणी थांबवावी, फुलांवर मधमाश्या येऊ द्याव्यात आणि तेवढे दिवस त्या बाजूला कीटकनाशकाचा पंप नेऊ नये.