दांडी मिलिमीटरभर लांब

अब्बांची प्रीमियर पद्मिनी १९८२ची. चारही चाकांना ड्रम ब्रेक, बूस्टर नाहीच. गुडघे दुखू लागले तसे अब्बांना पेडल दाबवेना. म्हणून अकोल्यात इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा बूस्टर बसवला. पेडलपासूनची दांडी मीच मोजून लेथवर करून घेतली.

ईदला अमरावतीला आपाकडे निघालो. मूर्तिजापूरजवळ गाडी ओढेना, चाके तापली. दांडी जरा लांब झाली होती. पाय काढला तरी मास्टर सिलिंडरचा पिस्टन पुरता मागे येत नव्हता, ब्रेक धरूनच राहत होते. गॅरेजात दांडी मिलिमीटरभर घासली, चाके मोकळी झाली.

अब्बा म्हणाले, “बेटा, दाबायची सोय केलीस, सोडायची जागा ठेवली नाहीस.”

मुलांवर रागावताना आजही ते आठवते.