कुंपण न मानणारा धूर

माघ-फाल्गुनाचे दिवस आले की आमच्या वसईच्या वाड्यांत पाने गळू लागतात. बदामाची तांबडी, फणसाची पिवळी, आंब्याची करडी अशी पाने अंगणात, विहिरीच्या काठावर, पायवाटेवर साचत जातात. सकाळी खराट्याने गोळा केलेला हा पाचोळा दिवेलागणीच्या सुमारास कोपऱ्यात पेटवून द्यावयाचा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. त्या धुराने डास पळतात, नारळीच्या बुंध्याला राख मिळते, अंगण आरशासारखे लख्ख होते, असे आमचे वडीलधारे सांगत आले. आज त्याच जाळावर कायद्याची बंदी आहे. ती आहे हे पुष्कळ घरांस ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांतील काही ती पाळीत नाहीत, आणि काही तिचा उपयोग केवळ शेजाऱ्यावर डोळे वटारण्यासाठी करतात. या दोन्ही गोष्टींविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

विस्तवाचे नियम नगरपालिकांनी प्रथम केले, असे कोणी समजू नये. झावळ्यांनी शाकारलेल्या घरांच्या काळात एक ठिणगी सबंध आळी भस्मसात करू शकत होती. म्हणून घरातील थोरल्या स्त्रिया विस्तवावर करडी नजर ठेवीत. रात्रीची जेवणे आटोपली की निखारे राखेखाली झाकावयाचे, चुलीभोवतीची जागा झाडून घ्यावयाची, सोडणे आणि करवंट्या हातभर दूर सारावयाच्या. वारा सुटला असता अंगणात जाळ करावयाचा नाही. पहाटे शेजारीण विस्तव मागावयास आली तर तो झाकल्या भांड्यातून न्यावयाचा. युरोपातील गावांतही मध्ययुगात संध्याकाळी घंटा वाजे व घरोघर चुली झाकल्या जात. संचारबंदीसाठी असलेला ‘कर्फ्यू’ हा इंग्रजी शब्द त्या ‘विस्तव झाका’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरूनच आला आहे. आमच्या आज्यांना फ्रेंच येत नव्हते. पण झाकणे त्यांना उत्तम येत होते.

त्याहूनही जुना नियम पवित्र शास्त्रात आहे. निर्गम ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात चोरी, ठेव, उसनवार यांच्या नियमांबरोबर आगीचाही एक नियम दिला आहे. कोणी पेटवलेली आग काटेरी झुडपांत पसरली आणि दुसऱ्याच्या धान्याच्या सुड्या किंवा उभे पीक जळून गेले, तर ज्याने आग लावली त्याने भरपाई करून द्यावी, असा त्याचा आशय आहे. मोशेच्या नियमशास्त्राने आग पेटवण्यास मनाई केलेली नाही. आग आपल्या बांधापलीकडे गेली की तिची जबाबदारीही आपल्या मागोमाग बांधापलीकडे जाते, एवढेच त्याने सांगितले. शेजारधर्माची याहून सोपी व्याख्या आम्हांस तरी सापडलेली नाही.

आपल्या ठाणे-पालघरच्या भूमीत आगीचा आणि सरकारी नियमांचा संबंध तसा जुनाच आहे. भाताच्या रोपवाटिकेची जागा पावसाआधी भाजून काढण्याच्या ‘राबा’ची रीत कोकणातल्या शेतकऱ्यास सांगावयास नको. शेण, फांद्या, गवत आणि पाचोळा यांचे थर जमिनीवर पसरून, वर माती टाकून तो मंद जाळावयाचा. तणाचे बी मरते, राखेचे खत मिळते आणि रोपे जोमाने येतात. एकोणिसाव्या शतकात जंगलांवर सरकारी निर्बंध आले तेव्हा राबासाठी फांद्या तोडावयाच्या कोठून, हा इकडच्या कुळांपुढे पोटाचा प्रश्न होऊन बसला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील अशा गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारला १८८५ साली आयोग नेमावा लागला व १८८७ साली त्याचा अहवाल आला. नियम कागदावर कितीही शहाणा असो, ज्याच्या हातातील काडी तो काढून घेतो त्याला दुसरे साधन दिले नाही तर गाऱ्हाणे उभे राहतेच, हा त्या प्रकरणाचा धडा आजही शिळा झालेला नाही.

आता आजचे नियम पाहू. हवा श्वास घेण्यास अपायकारक करणे हा १८६० च्या दंडसंहितेतही गुन्हा होता व त्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो दंड हजार रुपयांपर्यंत झाला आहे. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याने राज्य सरकारला ठरावीक क्षेत्रात इंधनाव्यतिरिक्त अन्य वस्तू जाळण्यास मनाई करण्याचा अधिकार दिला. २०१६ साली घनकचऱ्याचे नियम आले. कोणीही आपला कचरा रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागेत टाकू, जाळू वा पुरू नये, बागेतील पालापाचोळा आपल्याच आवारात वेगळा साठवावा, आणि रस्ते झाडणाऱ्या कामगारांनी गोळा केलेली पाने जाळू नयेत, असे त्यांत स्पष्ट सांगितले होते. त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर बंदी केली आणि साध्या प्रसंगी पाच हजार, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली. त्या वर्षाच्या जानेवारीअखेरीस देवनारच्या कचराभूमीला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती व आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या, हे अनेकांच्या स्मरणात असेल.

मूठभर पाचोळ्यासाठी एवढी कठोरता कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. एक तर पूर्वीचा पाचोळा हा पाचोळाच होता. आजच्या ढिगात दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे, औषधांची वेष्टने आणि तुटक्या चपला असतात. काही प्रकारचे प्लास्टिक मंद आचेवर जळताना डायॉक्सिनसारखी घातक द्रव्ये हवेत सोडते. दुसरे असे की, ओलसर पाने ज्वाळेने जळत नाहीत, ती धुमसतात. त्या धुरातील कण इतके सूक्ष्म असतात की ते नाकातील केसांना जुमानत नाहीत, थेट फुप्फुसात उतरतात. तिसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. मग धूर वर चढत नाही, घरांच्या खिडक्यांच्या उंचीवरच पसरून राहतो. आणि आपण पाचोळा पेटवतो तो नेमका त्याच वेळी.

पूर्वी शेजार दोन वाड्यांच्या अंतरावर असे. आज त्याच वाडीच्या कुंपणाला लागून चार मजल्यांची इमारत उभी आहे. माणसे जवळ आली, जाळ मात्र जुन्याच अंतराच्या हिशेबाने पेटतो आहे. जळलेल्या सुड्यांची भरपाई पायली मोजून करता येत होती. एखाद्या मुलाचा अडलेला श्वास कोणत्या मापाने मोजावा? भरपाई शक्य नसते तेथे आधीच मनाई करावी लागते. मोशेच्या नियमापासून न्यायाधिकरणाच्या हुकुमापर्यंतचा प्रवास आम्हांस असा उलगडतो.

धुराने माणूस कसा मरतो हे आम्ही आमच्याच घरात पाहिले आहे. आमच्या काकींनी चाळीस वर्षे चुलीपुढे बसून संबंध कुटुंबाला जेवू घातले. साठी ओलांडल्यावर त्यांना दम लागू लागला. विहिरीपासून पडवीपर्यंत येताना त्या दोनदा बसत. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “विडी किती वर्षे ओढता?” काकी बिचाऱ्या लाजून पदरात तोंड लपवू लागल्या. जन्मात विडीला हात न लावलेल्या त्या माउलीचे फुप्फुस चुलीने खाल्ले होते. घरातील चुलींच्या व तत्सम इंधनांच्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे बत्तीस लक्ष माणसे मृत्यू पावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आमच्यासाठी त्यांतील प्रत्येकीचा चेहरा काकींचा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली काढलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रदूषणाविषयी लिहिताना स्वयंपाकाच्या धुराचाही उल्लेख केला, तेव्हा त्यांनी काकींचीच आठवण ठेवली असे आम्हांस वाटले.

तरीही कायद्याने इंधनाला वगळले, हे योग्यच झाले. ज्या बाईला सिलिंडर परवडत नाही तिची चूल दंडाच्या पावतीने विझवणे हा धर्म नव्हे. ती विझवावयाची तर तिला गॅस, बायोगॅस किंवा निदान धुरांडे असलेली निर्धूर चूल दिली पाहिजे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने असंख्य घरांत शेगडी पोहोचली. पण पहिला सिलिंडर संपल्यावर दुसऱ्यासाठी पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. पाड्यावरच्या भगिनीला सरपणावरून बोल लावण्याआधी हे ध्यानी घ्यावे.

दोन वर्षांमागे आमच्या आळीतील समूहाच्या बैठकीत हा विषय निघाला. नव्या इमारतीत राहणाऱ्या एका बाईंच्या मुलाला दम्याचा विकार आहे. “रोज संध्याकाळी खिडक्या लावून बसतो आम्ही. परवा मध्यरात्री त्याला दवाखान्यात न्यावे लागले,” असे सांगताना त्यांचा आवाज कापत होता. पाचोळा पेटवणाऱ्या मावशी समोरच बसल्या होत्या. वय पंचाहत्तरच्या पुढे, मुले परगावी, वाडी एकटीच्या अंगावर. त्या म्हणाल्या, “नाही जाळायचा तर ठेवू कुठे, ते सांगा. मागल्या साली ढिगाऱ्यातून घोणस निघाली. तुम्ही येता का काढायला?” कोणी तरी तक्रारअर्जाची भाषा काढली. दुसऱ्याने, इमारतीत ख्रिस्तजयंतीला मध्यरात्रीपर्यंत फटाके वाजतात त्याचा धूर कोणाच्या छातीत जातो, असे विचारले. क्षणभर अशी शांतता पसरली की बैठकीच्या आरंभी केलेली प्रार्थना सर्वांच्याच घशात अडकली असावी.

मार्ग निघाला तो त्या मुलाच्या वडिलांच्या तोंडून. “मावशी, खड्डा मी खणून देतो,” एवढेच ते म्हणाले. पुढच्या रविवारी मिस्सानंतर तीन-चारजणांनी घरापासून दूर, वाडीच्या कडेला, हातभर खोल व पुरुषभर लांब असा खड्डा खणला. त्यात पाचोळ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर मूठभर माती, असे थर घालावयाचे, ओल राखावयाची आणि पंधरवड्याने फावड्याने खालवर करावयाचे. वर झावळ्यांचे झाकण. सारे निर्विघ्न पार पडले असे नव्हे. एप्रिलात परीक्षा आल्या, खालवर करणारी मुले फिरकली नाहीत, खड्ड्याला वास सुटला, मावशी रागावल्या आणि एके संध्याकाळी पुन्हा धूर दिसला. तेव्हा त्या बाई स्वतः फावडे घेऊन खाली उतरल्या. पावसाळा सरल्यावर खड्ड्यातून काळीभोर, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारी माती निघाली. मावशींनी ती मोगऱ्याला घातली आणि एक टोपली इमारतीतल्या कुंड्यांसाठी पाठवली. राखेत झाडाला थोडे पोटॅश मिळते, पण पानांतील नत्र धुराबरोबर उडून जाते आणि मातीला भुसभुशीत करणारा सेंद्रिय अंश जळून जातो, हे शास्त्र आम्ही पुस्तकात वाचले होते. मावशींना ते मोगऱ्याने सांगितले.

आपल्या उपासनेतील अग्नीही आपल्याला काही शिकवतो. राखेच्या बुधवारची राख गतवर्षीच्या आशीर्वादित झावळ्यांची असते. घरोघरच्या वाळल्या झावळ्या मंदिरात एकत्र येतात आणि एकाच लहानशा जाळात त्यांची राख होते. पास्काच्या जागरणविधीत मंदिराबाहेर नवा अग्नी पेटतो. त्याचे काम एक मेणबत्ती उजळणे एवढेच. ती ज्योत हातोहात पुढे जाते आणि धूर न करता सारे मंदिर प्रकाशाने भरते. याउलट ३१ डिसेंबरच्या रात्री आळीआळीतून जाळल्या जाणाऱ्या ‘म्हाताऱ्या’च्या पोटात टायर, थर्माकोल आणि फटाके कोंबलेले असतात. तरुणांच्या आनंदावर विरजण घालण्याची आमची इच्छा नाही. पण सबंध गावाचा मिळून एकच म्हातारा, पेंढ्याचा व जुन्या सुती कपड्यांचा, घरांपासून दूर मोकळ्या जागी आणि शेजारी पाण्याच्या बादल्या ठेवून करता येणार नाही काय? तेवढा धूरही टाळावासा वाटला तर त्याला नुसते वाजतगाजत निरोप द्यावा. टायर जाळून नव्या वर्षाचा पहिला श्वास काळवंडण्यात कसले आले स्वागत?

वसईची हिरवाई राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली आपल्या लोकांनी मोठा लढा दिला. तो जमिनीसाठी होता, पाण्यासाठी होता, झाडांसाठी होता. त्या झाडांनी उतरवून ठेवलेली पानेही त्याच ठेव्यातील आहेत. यंदा पानगळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येक समूहाने आपल्या आळीत एखाद्या वृद्धाच्या किंवा एकट्या राहणाऱ्या भगिनीच्या वाडीत जावे, खड्डा खणून द्यावा आणि तो खालवर करण्याच्या पाळ्या लावून घ्याव्यात. नियमाची प्रत दारावर चिकटवण्याआधी फावडे दारी न्यावे. त्यानंतरही कोणी हट्टाने प्लास्टिक जाळील तर त्याला कायदा दाखवण्याचा अधिकार आपणांस खुशाल असावा.