इलेक्ट्रॉनिक सिटीतील न्याहारी

बंगळूर शहर मी पूर्वी दोनदा पाहिले होते. परंतु लालबाग आणि विधानसौध यांपलीकडे माझी ओळख गेली नव्हती. गेल्या हिवाळ्यात भाचा व भाची यांच्या बिऱ्हाडी आठ दिवस राहण्याचा योग आला आणि शहराच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावर वसलेली इलेक्ट्रॉनिक सिटी प्रथमच जवळून पाहावयास मिळाली. सोलापूरहून निघताना भाजणीचा एक मोठा डबा बरोबर घेतला होता. धावपळीच्या गावी राहणाऱ्या मुलांना सकाळी धड खावयास मिळत नसेल, ही काळजीही त्या डब्याबरोबर बांधून घेतली होती.

रेल्वेतून उतरल्यावर मॅजेस्टिकहून मेट्रोने आर. व्ही. रोडपर्यंत आले आणि तेथे गाडी बदलली. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही सुमारे १९ किलोमीटरची पिवळी मार्गिका ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. तोवर या वसाहतीत कामाला येणाऱ्यांची सारी मदार होसूर रस्त्यावर आणि २०१० साली त्याच्यावर बांधलेल्या लांबलचक उड्डाणपुलावर असे. सिल्क बोर्डच्या चौकात किती वेळ जाईल याचा नेम नसे, म्हणून माणसे भल्या पहाटे घर सोडीत. मेट्रो आली, तरी सकाळची घाई काही संपलेली नाही.

कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या खेड्यांच्या शिवारात, ३३२ एकर जमिनीवर ही वसाहत उभी राहिली. १९७६ साली स्थापन झालेल्या ‘किऑनिक्स’ या कर्नाटक सरकारच्या महामंडळाचे पहिले अध्यक्ष आर. के. बाळिगा यांची ही कल्पना. त्या काळी गावापासून इतक्या दूर, माळावर कारखाने कोण काढणार, असे अनेकांना वाटले असेल. आज तेथे काचेच्या उंच इमारती आहेत आणि रस्त्यांवर देशाच्या सर्व भाषा कानी पडतात.

भाचा एका संगणक कंपनीत काम करतो. भाची बोम्मसंद्र भागातील एका रुग्णालयात आंतरवासिता करते. दोघांनाही साडेसातच्या आत घर सोडावे लागते. पहिल्या दिवशी मी साडेपाचला उठून पाहते, तो स्वयंपाकघरात सामसूम! सहा वाजले, साडेसहा वाजले, तरी चूल पेटण्याचे चिन्ह दिसेना. पावणेसातला भाची आली. तिने शीतकपाटातून फडक्यात बांधलेला एक गोळा काढला, परातीत मळला, त्याच्या जाड टिकल्या केल्या, तव्यावर तुपात दोन्ही अंगांनी खरपूस भाजल्या आणि बशीत वाढून वर चमचाभर मोरावळा घातला. एवढे होईतो सात वाजून पाच मिनिटे झाली होती.

घास तोंडात घातला. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, किंचित आंबट. मी विचारले, “हे ग काय?”

“सिर्निकी. युक्रेनमधल्या माझ्या बाबुस्यानं शिकवलेली,” ती म्हणाली.

बाबुस्या म्हणजे आजी. भाची २०१८ साली खार्किव शहरी वैद्यकीय शिक्षणासाठी गेली होती. एका वृद्ध बाईच्या घरात ती खोली भाड्याने घेऊन राही. त्या देशातील न्याहारी तिने तेथेच पाहिली. बटाट्याच्या किसाची धिरडी, त्यांना ‘देरुनी’ म्हणतात. आपल्याकडे उत्तर हिंदुस्थानात उपवासाला चालणाऱ्या कुट्टूचे भाजलेले दाणे रात्री उकळत्या पाण्यात घालायचे आणि भांडे घोंगडीत गुंडाळून ठेवायचे. सकाळी त्याचा मोकळा भात तयार. आणि रविवारी ही सिर्निकी. ‘सिर’ म्हणजे आंबट दूध हलके तापवून, गाळून केलेला मऊ छेना.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. खार्किववर पहिल्याच दिवसापासून तोफांचा मारा होत होता. हजारो नागरिकांप्रमाणे बाबुस्या आणि भाची यांनी भुयारी मेट्रोच्या स्थानकात आश्रय घेतला. १ मार्च रोजी त्याच शहरात कर्नाटकातील एक वैद्यकीय विद्यार्थी मारला गेला. तो खाण्याचे पदार्थ आणावयास बाहेर पडला होता. भाचीने तेथून निघायचे ठरविले, तेव्हा म्हातारीने घरी जाऊन उरल्यासुरल्या छेन्याची सिर्निकी केली आणि कापडात बांधून दिली. उभ्याने केलेल्या त्या रेल्वेप्रवासात भाचीसह चार मुलींनी ती पुरवून पुरवून खाल्ली. ‘ऑपरेशन गंगा’च्या विमानाने ती मायदेशी परतली. त्या दिवसांत सुमारे साडेबावीस हजार भारतीय युक्रेनमधून सुखरूप परत आले. पुढे अनेक अडचणी सोसून तिने शिक्षण पुरे केले आणि येथील परवान्याची परीक्षाही दिली.

“आपल्या मेट्रोत बसले, की मला अजून पहिल्यांदा भिंतीलगतची जागा शोधावीशी वाटते, मावशी,” ती सहज बोलून गेली. मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. मी तिच्या बशीत आणखी एक टिकली वाढली.

वाचक भगिनींसाठी कृती येथे देते. लिटरभर दूध लिंबाच्या रसाने फाडून छेना गाळावा आणि मलमलच्या फडक्यात रात्रभर टांगावा. सकाळी त्यात एक अंडे, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ आणि दोनतीन चमचे मैदा किंवा कणीक घालून हलक्या हाताने मळावे. बोटभर जाडीच्या टिकल्या करून, कोरड्या पिठात घोळवून, मंद आचेवर भाजाव्यात. आच मोठी केली, तर बाहेरून करपतात व आत कच्च्या राहतात. अंडे चालत नसेल, तर दोन चमचे बारीक रवा घालून दहा मिनिटे झाकून ठेवावे. तिकडे वर आंबट साय घेतात. आपल्याकडे चक्का चालतो. हे तिघांना पुरते.

वीस मिनिटांत न्याहारी झाली, याचे मी कौतुक केले, तेव्हा भाची हसली. “वीस मिनिटं कसली? दूध काल रात्री दादानं फाडलं होतं.”

त्या एका वाक्याने मला विचारात पाडले. मी आणलेला भाजणीचा डबा आठवला. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे, प्रत्येक वेगवेगळे भाजायचे, मग दळून आणायचे. एक सबंध दुपार त्यात जाते. तव्यावरचे थालीपीठ मात्र दहा मिनिटांत होते. पोह्यांचेही तेच. भात भिजवून, भाजून, कांडून कोणी तरी आधीच खपलेले असते. म्हणून आपले पोहे पाण्याच्या हाताने मऊ होतात. घाईची प्रत्येक न्याहारी कोणाच्या तरी सावकाश केलेल्या कामावर उभी असते. आमच्या घरी ते काम माझ्या सासूबाईंनी आणि पुढे मी केले. ते कोणाच्या लक्षातही आले नाही. माझ्यासुद्धा!

शेजारच्या घरी दोड्डतोगूरच्या एक अज्जी आपल्या मुलाकडे राहतात. या इमारतींच्या जागी पूर्वी नाचणीची शेते होती, असे त्यांनी सांगितले. त्यांनी मला वाटीभर ‘हुरिहिट्टु’ दिले. नाचणी भिजवून, वाळवून, तापल्या कढईत फुलवून दळलेले हे पीठ. ताकात किंवा दुधात गूळ घालून कालवले, की झाली न्याहारी! चूलसुद्धा पेटवावी लागत नाही. शेतावर निघालेल्या माणसाचे खाणे आज कचेरीला निघालेल्या माणसाच्या उपयोगी पडते.

बंगळूर शहरही या विद्येत मागे नाही. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई पडली, तेव्हा येथील ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’ने रव्याची इडली काढली, असे सांगतात. आता तर वाटून आंबवलेले इडलीचे पीठ पिशवीत मिळते. ‘आयडी’ हा त्याचा प्रसिद्ध व्यवसाय २००५ साली याच शहरात सुरू झाला. रात्रीचे काम अशा रीतीने कारखान्याने उचलले आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. थकल्या हातांना तो मोठाच आधार आहे. परंतु घरचे वळण विकत मिळत नाही, तेवढे घरीच जपावे लागते.

रविवारी भाचीने बाबुस्याला दूरध्वनी केला. आता ती पश्चिमेकडे तेर्नोपिल येथे आपल्या बहिणीपाशी राहते. पडद्यावर डोक्याला रुमाल बांधलेला सुरकुतलेला चेहरा दिसला. तिचा पहिला प्रश्न, “काय खाल्लंस?” हाच होता. तिच्या आईने १९३२-३३ चा भीषण दुष्काळ सोसला होता. त्यात तेथील लक्षावधी माणसे भुकेने गेली. त्या घरात पावाचा तुकडा कधी टाकला जात नसे. हे भाचीने मला समजावून सांगितले, तेव्हा १९७२ च्या दुष्काळातील लाल मिलोची भाकरी आणि शाळेत मिळणारी सुकडी मला आठवली. आमच्या आईनेही ताटात घास टाकू दिला नव्हता. मी थालीपीठ पडद्यासमोर धरले. मधल्या भोकाकडे बोट दाखवून म्हातारीने काही विचारले. “तेल सोडायला,” असे भाचीने तिला सांगितले आणि दोघी खूप हसल्या.

निघण्याच्या आदल्या रात्री भाच्याने कढई चढवली. ज्वारी किती भाजायची, उडीद केव्हा उतरवायचे, हे मी शेजारी खुर्चीवर बसून सांगत होते. पहिला घाणा त्याने करपवला. दुसरा बरा झाला. धन्यांचा वास सुटला, तेव्हा भाची आपली पुस्तके मिटून स्वयंपाकघरात आली आणि छेन्याचे फडके खुंटीला टांगून गेली.

सकाळी साडेसातला दोघेही खाऊन बाहेर पडली. मीही माझ्या गाडीला निघाले. परतीच्या सामानात भाजणीचा डबा होताच; येताना भरलेला होता, तसाच जातानाही. मात्र आता त्यात अज्जींनी दिलेले नाचणीचे पीठ होते.