चार आण्यांचा हिशेब

कोल्हापुरात फुटबॉल तालमीत वाढला, असे परगावच्या माणसाला सांगितले की तो आधी हसतो. तालीम म्हटली की त्याच्या डोळ्यांसमोर लाल माती, लंगोट आणि शड्डू येतात. तिथे चेंडूचे काय काम, असे त्याला वाटते. पण आमच्याकडे पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे जशी तालमींची, तशीच फुटबॉलच्या संघांची. शाहू स्टेडियमवर यांतल्या दोघांची गाठ पडली म्हणजे अर्धे शहर मैदानात असते आणि उरलेले अर्धे निकाल विचारत असते. पेठेत जन्मलेले पोर आपल्या संघाचा रंग आधी ओळखते, अक्षरे मागाहून.

अशाच एका तालमीच्या लहान मुलांना मी बरीच वर्षे सकाळी खेळवतो. ‘शिकवतो’ म्हणण्याइतका माझा अधिकार नाही. नऊ-दहा वर्षांची मुले येतात; कोणी अनवाणी, कोणी थोरल्या भावाचे बूट घालून. तेराव्या-चौदाव्या वर्षी त्यांतल्या एखाद्याच्या पायात काही वेगळे आहे हे दिसू लागते, आणि नेमकी तेव्हाच त्याची जाण्याची वेळ येते. कोणी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत निवडला जातो, कोणाला एखादी अकादमी बोलावते, कोणाला शेजारच्या पेठेतली तालीम नवा बूटजोड देऊन नेते. आणि जो कुठेच जात नाही, त्याला दहावी नेते. सकाळी सहाला मैदान आणि सहालाच शिकवणी. आई कोणाच्या बाजूने कौल देणार, हे सांगायला नको.

मग कट्ट्यावर तो जुना सूर निघतो, “आपन पोरं घडवायची आनि दुसऱ्यानं न्यायची व्हय?” हा सूर मला कधी पटला नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात झाली, आणि दिल्लीच्या मैदानावर आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. लहान वयात तो पुण्याला गेला नसता, तर हे झाले असते का? कट्ट्यावर सूर लावणारी मंडळीच त्या रात्री टीव्हीसमोर छाती फुगवून बसली होती.

पण एक अनिकेत दिल्लीला पोचतो, तेव्हा त्याच वाटेने गेलेली बाकीची मुले काय करतात? ती अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी परत येतात. यात दोष त्यांचाच असतो असे नाही. पुणे एफ. सी. हा संघ २००७ साली निघाला आणि दहा वर्षेही टिकला नाही. एफ. सी. पुणे सिटी २०१४ साली आला आणि २०१९ साली बंद झाला. नावे मोठी, बडेजाव मोठा. तालमीकडे यातले काही नाही. पण तालीम आहे तिथेच आहे. पोरगा बॅग घेऊन एस. टी.तून उतरतो, तो तिच्याच दारात येतो.

आणि खरी गोम इथे आहे. त्या दाराच्या आत त्याची जागा उरलेली नसते. अलीकडच्या वर्षांत हंगामापुरते बाहेरचे खेळाडू मानधन देऊन आणतात. त्यांत नायजेरियासारख्या दूर देशांतलेही असतात. त्यांच्यावर माझा राग नाही. घरापासून हजारो मैलांवर येऊन ते प्रामाणिकपणे घाम गाळतात. पण वर्गणीचा पैसा मोजका, आणि चषक तर यंदाच हवा! मग परतलेला पोरगा बाकावर बसतो. दोन हंगाम बसतो आणि तिसऱ्या हंगामाला एमआयडीसीत पाळीवर जाऊ लागतो.

फुटबॉलची जागतिक संघटना फिफा हिचा एक नियम मला फार आवडतो. एखादा खेळाडू मोठी रक्कम मोजून एका देशातल्या संघाकडून दुसऱ्या देशातल्या संघाकडे गेला, तर त्या रकमेतले शेकडा पाच, त्याला बाराव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत घडवणाऱ्या संघांत वाटायचे. बारा ते पंधरा या वयातल्या दर वर्षाला शंभर रुपयांमागे पंचवीस पैसे, म्हणजे आमच्या जुन्या भाषेत चार आणे. आमच्या पोराच्या नशिबी असा सौदा येईल न येईल. त्या चार आण्यांवर माझा डोळा नाही. बारा वर्षांच्या पोराच्या एका वर्षालाही मोल आहे, हे कोणीतरी कागदावर मांडले याचेच मला अप्रूप. मात्र त्यासाठी तो पोरगा त्या वर्षी अमुक संघाकडे होता अशी रीतसर नोंद लागते. आमच्या तालमीच्या चोपड्यांत नोंद सापडते ती मांडववाल्याची, वाजंत्र्यांची आणि मिरवणुकीतल्या गुलालाची.

म्हणून मी एक वही घातली आहे. नाव, जन्मतारीख, केव्हा आला, कुठे गेला. आणि शेवटचा रकाना, ‘परत आला का?’ मुलांना अडवून धरावे असे मला वाटत नाही. त्यांनी खुशाल जावे. फक्त सासरी गेलेल्या लेकीला जसे माहेर असते, तसे त्यांना असावे.

गेल्या हंगामाआधी तालमीत बैठक झाली. डाव्या पायाचा एक चांगला पोरगा नुकताच पुण्याहून परतला होता. आणखी एक बाहेरचा खेळाडू आणावा की ती जागा याला द्यावी, असा प्रश्न होता. बोलणी तापली. मी वहीतले त्याचे पान वाचून दाखवले. कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या वस्तादांनी विचारले, “ह्यो कुनाचा म्हनायचा?”

“आपलाच की, वस्ताद.”

“मग त्याला इच्यारा की, खेळतोस का म्हनून. आमाला काय इच्यारताय?”

जागा त्याला मिळाली. पहिला सामना आम्ही हरलो आणि कट्ट्यावर जे बोलायचे ते बोलून झाले. तरी दुसऱ्या सामन्यालाही तो मैदानात होता. त्या आठवड्यात सकाळी नेहमीपेक्षा चार पोरे जास्त आली, आणि एका दहावीतल्या मुलाच्या आईने निरोप पाठवला, “शिकवणी सातची करून घेतलीय. तासभर तरी खेळू दे त्याला.”