शिडाचा दोर आणि सुंभाचा पीळ

इंग्रजी शब्दकोश उशाशी घेऊन निजले, तरी इंग्रजी वाक्प्रचार वश होत नाहीत. शब्द सारे ओळखीचे, अर्थ मात्र परका! ‘थ्री शीट्स टू द विंड’, म्हणजे वाऱ्यावर तीन चादरी? छे, दारूने झिंगलेला माणूस! या कोड्याची किल्ली शाळेत नाही, समुद्रावर आहे. खलाशांच्या बोलीत ‘शीट’ म्हणजे चादर नव्हे, शीडही नव्हे. शिडाचा खालचा कोपरा आवळून धरणारा दोर. हे दोर सुटले की शिडे फडफडतात आणि जहाज झोकांड्या खाते.

‘टेकन अबॅक’चेही तेच. वारा अवचित समोरून आला, की शिडे डोलकाठीवर उलटी दाबली जातात आणि जहाज थबकते. आपण अवाक् होतो, तेही असेच. बेटावरच्या माणसांची भाषा ती. तिला खारा वास यायचाच!

माझी नात लंडनात वाढते. ‘सुंभ जळला तरी पीळ जात नाही,’ असे मी बोलून गेलो, तेव्हा तिने विचारले, “आजोबा, सुंभ म्हणजे?” नारळाच्या काथ्याची दोरी तिला समजावली, तशी ती हसून म्हणाली, “म्हणजे तुमचंही दोरावरच चालतं!”

खरेच की! शिडाच्या जहाजांचे दिवस सरले, सुंभही घरातून गेला. बोलण्यातला पीळ मात्र राहिला. तो उलगडून दाखवायला शब्दकोश पुरत नाही. घरात कुणी सांगणारे लागते, आणि कुणी विचारणारेही.