सहा मोटारसायकली आणि पन्हळी रस्ता

नामिबियात रस्त्यांना अक्षरे आहेत. ‘बी’ म्हणजे मोठे डांबरी रस्ते, ‘सी’ म्हणजे बहुतेक खडीचे आणि ‘डी’ म्हणजे खडी, मुरूम, वाळू जे काय नशिबात असेल ते. देशाचा पसारा सव्वाआठ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक एकत्र केले तरी त्याच्या दीडपटीहून जास्त. आणि माणसे? २०२३च्या जनगणनेत तीस लाख. आपल्या एकट्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११मध्येच ४७ लाखांवर होती! चोर्ला घाटात गाडी बंद पडली तर दहा मिनिटांत चार माणसे जमतात, त्यातली तीन सल्ला देतात आणि चौथा खरेच पाना घेऊन येतो. नामिबियात गाडी बंद पडली तर आधी खाली बसायचे आणि पाणी किती उरले ते मोजायचे.

ऑगस्ट २०२४मध्ये आम्ही सहा जण तिथे मोटारसायकली घेऊन गेलो. निपाणीचे अण्णा, वय ५८, तंबाखूच्या व्यापारातून नुकतेच मोकळे झालेले. उद्यमबागेत मशीनशॉप चालवणारा आमचा मित्र, त्याला सगळे मिस्त्रीच म्हणतात. धारवाडचे डॉक्टर, घरची भाषा कन्नड, सासुरवाडची मराठी. मूळचे खानापूरचे, पण आता बेंगळुरूला संगणक कंपन्यांत असलेले दोन सख्खे भाऊ. आणि मी. गाड्या विंडहोकला भाड्याने घेतल्या. आठशे सीसीच्या, टाकी भरून आणि सामान लादून अडीचशे किलोच्या घरात जाणाऱ्या. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढले होते. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे तेवढी तरी धास्ती नव्हती.

रेहोबोथपर्यंत डांबर आहे. तिथून उजवीकडे वळलो आणि पन्हळी सुरू झाली. पन्हळी म्हणजे काय ते सांगायला हवे. खडीच्या रस्त्यावरून वाहने ठरावीक वेगाच्या वर गेली की चाक किंचित उडते, खाली आपटते, पुढची खडी ढकलते, पुन्हा उडते. हजारो चाकांनी हे केले की रस्त्यावर आडव्या वरवंट्या तयार होतात, थेट सिमेंटच्या पत्र्यासारख्या. सावकाश गेलात तर प्रत्येक वरवंटा दातांना कळतो. सत्तर-ऐंशीच्या वेगाने गेलात तर चाक माथ्यांवरूनच पळते आणि रस्ता गुळगुळीत झाल्यासारखा वाटतो. पण तेव्हा चाक जमिनीला धड टेकलेलेच नसते. ब्रेक दाबायची वेळ आली की खरे काय ते समजते. शिवाय थरथर थांबत नाही. दिवसभरात नट सैल होतात, आरसे फिरतात, नंबरप्लेट गळून पडते. रोज संध्याकाळी चहाच्या आधी प्रत्येकाने आपल्या गाडीचे सगळे नट पान्याने तपासायचे, असा मिस्त्रीचा नियम होता.

सॉससव्लेईच्या तांबड्या वाळूच्या टेकड्या बघायला मोटारसायकल चालत नाही. राष्ट्रीय उद्यानांत दुचाकीला बंदी आहे. म्हणून सेस्रिएमला गाड्या ठेवून जीपने गेलो. सहा-सातशे वर्षांपूर्वी वाळलेली बाभळीच्या जातीची झाडे पांढऱ्या मातीत अजून उभी आहेत, कुजण्याइतकाही ओलावा त्यांना मिळालेला नाही. त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, म्हणून अधिक लिहीत नाही.

सॉलिटेअर हे नावाप्रमाणेच एकटे ठिकाण आहे. एक पेट्रोलपंप, एक बेकरी, मोडक्या जुन्या मोटारींचे सांगाडे. तिथून वॉल्व्हिस बे गाठेपर्यंत सव्वादोनशे किलोमीटरहून जास्त अंतर, मध्ये पंप नाही. मकरवृत्ताची पाटी ओलांडून थोडे पुढे गेलो तोच धाकट्या भावाचे मागचे चाक बसले. धारदार दगड. टायर रिमला असा चिकटलेला की पट्टीने निघेना. तेव्हा दुसऱ्या गाडीचे साइडस्टँड टायरच्या कडेवर टेकवून त्या गाडीचा सगळा भार त्यावर टाकला. फट् आवाज झाला आणि कड सुटली. चाळीस मिनिटांत नवी ट्यूब घालून निघालो. याला आम्ही बिघाड धरलाच नाही.

खरा बिघाड कुइसेबच्या खिंडीजवळ झाला. हे कुइसेबचे खोरे म्हणजे नुसती काळी, चुरगळलेली दगडी रांग. दुसऱ्या महायुद्धात हेन्नो मार्टिन आणि हर्मन कोर्न हे दोन जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ नजरकैद टाळण्यासाठी इथे अडीच वर्षे लपून राहिले होते, शिकार करून आणि डबक्यांतले पाणी पिऊन. आम्हाला तिथे अडीच तासही जड गेले. डॉक्टरांच्या गाडीचा मागचा शॉकअब्जॉर्बर पन्हळीने तापून तापून फुटला, सील गेले आणि तेल चाकावर आले. गाडी घोड्यासारखी उड्या मारू लागली. माझ्या गाडीचा सामानाचा कॅरिअर एका बाजूने तुटून लोंबत होता. दुपारचे साडेतीन वाजलेले, सातच्या सुमारास अंधार, आणि तिथला ऑगस्ट म्हणजे ऐन थंडी.

ताशी तीसच्या वेगाने रांगत निघालो, तर बारा किलोमीटरवर रस्त्याकडेला चाकांवरच्या दोन पत्र्याच्या खोल्या दिसल्या. तिथे ग्रेडरवाले राहतात. पन्हळी खरवडून रस्ता सपाट करायचा, तो टापू संपला की खोल्या ग्रेडरला जोडून पुढे न्यायच्या, असे त्यांचे फिरते बिऱ्हाड. दोघे होते. थोरला अंगाने अण्णांएवढा. त्याने कॅरिअर पाहिला, काही न बोलता जनरेटर सुरू केला आणि वेल्डिंगची कांडी पकडली. मिस्त्री शेजारी उकिडवा बसून बघत होता. पहिला टाका पडल्यावर मला हळूच म्हणाला, “हात बघ. असा वेल्डर मिळाला तर उद्या कामावर घेतो की.” शॉकअब्जॉर्बरला मात्र इलाज नव्हता. डॉक्टरांचे सामान आमच्यात वाटून घेतले आणि रात्र तिथेच काढली.

पैसे द्यायला गेलो तर त्याने हात मागे घेतला. गोकाकच्या करदंटाचा डबा पुढे केल्यावर मात्र दोन वड्या घेतल्या, मग डबाच ठेवून घेतला. तो आमच्याशी इंग्रजीत बोलत होता, जोडीदाराशी आफ्रिकान्समध्ये आणि फोनवर घरच्यांशी तिसऱ्याच भाषेत. १९९०मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा इंग्रजी ही एकच राजभाषा केली, जरी ती फार थोड्यांची मातृभाषा होती. बाजारात चालते ती बऱ्याचदा आफ्रिकान्स. घरी मराठी, दुकानात कन्नड, कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

स्वाकोपमुंडला गाडीवाल्याने दुसरा शॉकअब्जॉर्बर पाठवला. एक दिवस गेला, पण समुद्राचे गार धुके अंगावर घेत झोप काढली. तिथून उइसमार्गे ट्वीफेलफाँटेनला गेलो. दगडांवर कोरलेली दोन हजारांवर चित्रे इथे आहेत, जिराफ, गेंडे, माणसांची पावले. २००७पासून हा जागतिक वारसा आहे. आफ्रिकान्समधल्या नावाचा अर्थ ‘शंकेचा झरा’, पाणी कधी असते कधी नसते म्हणून. आम्हाला शंका वेगळीच आली.

जवळच आबाहुआब नावाची कोरडी नदी आहे. पात्रात मऊ वाळू. वाळूत गाडी चालवायची तर टायरची हवा कमी करायची, नजर लांब ठेवायची आणि गॅस सोडायचा नाही. अण्णांची गाडी मध्यावर रुतली. त्यांनी ती क्लचवर ओढून काढायचा प्रयत्न केला, आणि थोड्या वेळाने जळक्या ब्रेकसारखा वास आला. गिअर टाकला तरी गाडी जागची हलेना. वाळूत हत्तींची ताजी लीद पडलेली. वाळवंटात राहणारे हत्ती याच पात्रातून ये-जा करतात. सूर्य टेकडीला टेकलेला.

मिस्त्रीने गाडी डाव्या कुशीवर आडवी करायला लावली, म्हणजे क्लचचे झाकण वर येते आणि इंजिनचे तेल सांडत नाही. बॅटरीच्या उजेडात प्लेटा बाहेर काढल्या. लोखंडी प्लेटा निळ्या पडलेल्या, बाकीच्यांचे अस्तर काळे. त्याने पॉलिशपेपरने एकेक प्लेट घासली, जागच्या जागी बसवली आणि स्प्रिंगांच्या बोल्टखाली एकेक वॉशर घातला. दाब वाढला की उरलेले अस्तर थोडे तरी पकडते. आम्ही बाकीचे चौघे हेडलाइट लावून चार दिशांना तोंड करून उभे होतो. सव्वातासाने गाडी स्वतःच्या बळावर वाळूतून बाहेर आली. हत्ती आले नाहीत. लांब कुठे फांद्या मोडल्याचे आवाज मात्र सगळ्यांनी ऐकले.

दुसऱ्या दिवशी कोरिक्सासला पोचल्यावर भांडण झाले. नव्या क्लचप्लेटा विंडहोकहून येणार, ओट्यीवारोंगोला पोचायला दोन-तीन दिवस. बेंगळुरूच्या भावांची रजा मोजकी होती आणि परतीची तिकिटे बदलता येत नव्हती. थोरला म्हणाला, अण्णांची गाडी टेम्पोवर घालून विंडहोकला पाठवू, अण्णाही तिकडेच जातील, बाकीचे पुढे जाऊ. हिशेबाने चूक नव्हते, हे मला आजही वाटते. पण ते सर्वांसमोर आणि अण्णांना न विचारता बोलले गेले.

अण्णा म्हणाले, “जावा की तुम्ही फुडं. मी काय ल्हान पोर हाय काय? माझं मी जातो.” आणि उठून गाडीपाशी जाऊन बसले. डॉक्टर इतके दिवस कुणाला उलट बोलले नव्हते. ते एवढेच म्हणाले, “यारन्नू बिट्ट होगांगिल्ल.” कुणालाही सोडून जायचे नाही. थोरल्याने तिकिटांचा प्रश्न पुन्हा काढला. डॉक्टरांनी तेच वाक्य पुन्हा म्हटले. तास-दीड तास कोणी कोणाशी बोलले नाही.

शेवटी तोड निघाली ती धाकट्याने काढलेली. दोघे भाऊ पुढे रुंडूला जाऊन थांबतील, आम्ही चौघे प्लेटा बसवून त्यांना गाठू. तीन दिवसांत आलो नाही तर त्यांनी धबधबा बघून परतावे. कोरिक्सासहून ओट्यीवारोंगोपर्यंत दोनशे किलोमीटर डांबर आहे. अण्णांनी ते पन्नासच्या वर न जाता, क्लचला शक्यतो हात न लावता पार केले. आम्ही मागे मागे, लग्नाच्या वरातीसारखे. पार्सल तिसऱ्या दिवशी सकाळी आले आणि दुपारी आम्ही निघालो.

ग्रूटफाँटेनच्या पुढे मुरुरानीचे फाटक लागते. गुरांचे रोग दक्षिणेत येऊ नयेत म्हणून देशाच्या आडवे कुंपण घातले आहे, त्याचे मूळ १८९६-९७च्या गुरांच्या साथीत आणि जर्मन राजवटीत. फाटकाच्या अलीकडे तारांची कुंपणे आणि मैलोन्‌मैल एक घर नाही. पलीकडे पाऊल टाकले की रस्त्याकडेला गवती छपरांची गावे, शेळ्या, शाळेतून परतणारी मुले, कणसे भाजणाऱ्या बाया. अलीकडची माणसे आपले मांस कुठेही विकू शकतात, पलीकडच्यांना दक्षिणेत विकायला अडचण. एका कुंपणाने केवढा फरक पडतो! तिथे मिस्त्रीचे चाक पंक्चर झाले आणि पाच मिनिटांत पंधरा पोरे भोवती. एकाने पंप मारला, एकाने पाने धरले, बाकीच्यांनी सल्ला दिला. चोर्ला घाटात आल्यासारखे वाटले.

रुंडूला भाऊ वाट बघत होते. नदीपलीकडे अंगोला. थोरला आणि अण्णा एकमेकांना ‘जेवलात का’ इतकेच बोलले.

तिथून पुढे नकाशात नामिबियाचे एक लांब बोट पूर्वेकडे गेलेले दिसते, सुमारे साडेचारशे किलोमीटर, काही ठिकाणी जेमतेम ३२ किलोमीटर रुंद. १८९०मध्ये इंग्लंड आणि जर्मनीने युरोपात बसून करार केला, त्यात झांबेझी नदीपर्यंत पोचायला वाट म्हणून जर्मनीला ही पट्टी मिळाली. चॅन्सेलर काप्रिवी यांचे नाव तिला पडले. पुढे व्हिक्टोरिया धबधबा असल्याने त्या नदीतून जहाजे समुद्रापर्यंत जाणार नव्हती, पण रेघ ओढून झाली होती. १९९९मध्ये या भागात फुटून निघण्यासाठी सशस्त्र उठावही झाला. २०१३मध्ये प्रांताचे नाव बदलून झांबेझी केले. रेघ तशीच आहे. कातिमा मुलिलोला २००४मध्ये झालेल्या पुलावरून झांबियात शेशेकेला गेलो, तेव्हा भजीसारखे गोळे तळणाऱ्या बाईने सांगितले की तिची बहीण कातिमाला असते. दोन्हीकडे सिलोझी बोलतात. “पासपोर्ट वेगळा, जेवण एकच,” असे ती इंग्रजीत म्हणाली. डॉक्टर आणि मी एकमेकांकडे बघितले. निपाणीपलीकडे कागलला लेक दिलेल्या अण्णांनी तर तिच्याकडून आणखी सहा गोळे घेतले.

वाटेत काझुंगुलाला २०२१मध्ये खुला झालेला पूल दिसला. चार देशांच्या सीमा तिथे जवळजवळ एका ठिकाणी येतात, म्हणून झिम्बाब्वेची हद्द चुकवायला तो पूल वाकडा बांधला आहे. मग लिव्हिंग्स्टन, आणि धबधबा. रुंदी १,७०० मीटर, उंची शंभराहून जास्त. ऑगस्टमध्ये पाणी उतरलेले असते, तरी कडेला उभे राहिले की अंग भिजते. अण्णा रेनकोट न घालता बराच वेळ उभे होते. त्यांच्याजवळ जाऊन थोरल्याने मोबाइल मागितला आणि त्यांचे फोटो काढून दिले.

परतीचे चौदाशे किलोमीटर सगळे डांबरी. विंडहोकला गाडीवाल्याने शॉकअब्जॉर्बर आणि क्लच दोन्हींचे पैसे अनामतीतून कापले. डॉक्टरांनी शॉकअब्जॉर्बरसाठी हुज्जत घातली, अर्धे सुटले. क्लचचे पैसे सहा जणांत वाटून घ्यायचे, असे थोरल्या भावाने बाकीच्यांना आधीच सांगून ठेवले होते. अण्णांना ते विमानतळावर हिशेबाचा कागद हातात आल्यावर कळले.